ग्राउंड वेगळे केले, आता जोडायचे कुठे? कीकॅडमधला नेट टाय

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. कीकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अंडी उबवणी यंत्राचा कंट्रोलर बोर्ड करताय. मायक्रोकंट्रोलर एटीमेगा३२८पी, तापमानाला एलएम३५ सेन्सर, यूएलएन२००३ या ड्रायव्हर चिपवर १२ व्होल्टचे चार रिले, मॉसफेटवर १२ व्होल्टचा पंखा, आणि ७८०५ रेग्युलेटरवरून ५ व्होल्ट. स्कीमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, एजीएनडी (अॅनालॉग), डीजीएनडी (डिजिटल) आणि पीजीएनडी (पॉवर) असे तीन ग्राउंड ठेवलेत कारण जिथे बघावं तिथे लिहिलेलं असतं की ग्राउंड वेगळे ठेवा आणि एकाच ठिकाणी जोडा. आणि आता जोडायला गेलात की स्कीमॅटिकमध्ये वायर मारली तर तिन्ही नेट (एकमेकांना जोडलेल्या पिनांचे गट) एकच होऊन बसतात, आणि वायर न मारता बोर्डवर ट्रॅकने जोडलं तर डीआरसी, म्हणजे बोर्डची नियम-तपासणी, शॉर्ट दाखवतो.

सॉफ्टवेअरचं उत्तर दोन ओळींचं आहे, नेट टाय वापरा, ते खाली सविस्तर सांगतोच. पण त्याच्या आधी एक खटकलं ते बोलतो. तुम्ही तीन नावं ठेवलीत पण कुठला करंट कुठून परत जाणार हे प्रश्नात कुठेच नाही. ग्राउंडला वेगळं नाव देण्याचं कारण एकच असतं, अमुक करंट तमुक तांब्यातून जाऊ नये. ते ठरलेलं नसेल तर नेट टाय कुठेही ठेवलात तरी काही फरक पडणार नाही, किंवा पडला तर वाईटच पडेल.

आधी सॉफ्टवेअर उरकून घेऊ.

कीकॅडला नेट म्हणजे फक्त नाव. दोन तांबे एकमेकांना चिकटले की त्याच्या लेखी ते एकच नेट, आणि नावं दोन असतील तर शॉर्ट. "हे दोन वेगळे आहेत पण या एका जागी मी मुद्दाम जोडलेत" हे त्याला समजावायला मध्ये एक पार्ट लागतो, ज्याला दोन पाय आहेत, एका पायाला एक नेट दुसऱ्याला दुसरं, आणि फूटप्रिंटमध्येच (पार्ट बोर्डवर बसतो ती पॅडची आकृती) ते दोन पाय तांब्याने जोडलेले आहेत. हाच नेट टाय. विकत आणायचं काही नाही, असेंब्लीवाल्याने लावायचं काही नाही, नुसतं तांबं.

स्कीमॅटिकमध्ये डिव्हाइस लायब्ररीत नेटटाय_२ नावाचं सिंबल मिळेल, तीन आणि चार पायांचीपण आहेत. एका पायाला जीएनडी, दुसऱ्याला पीजीएनडी (एजीएनडी आणि डीजीएनडी मिळून एकच जीएनडी का, ते पुढे सांगतो). फूटप्रिंट त्याच नावाच्या लायब्ररीतून घ्या, ०.५ मिमी पॅडवालं आणि २ मिमी पॅडवालं अशी एसएमडी आहेत, थ्रू होलवालीपण आहेत. मग नेहमीसारखं एफ८ दाबून बोर्ड अपडेट करा. बोर्डवर दोन्ही झोन (तांब्याने भरलेले भाग) काढा, मधे फट ठेवा, नेट टाय त्या फटीवर आडवा बसवा म्हणजे एक पॅड इकडच्या झोनमध्ये आणि एक तिकडच्या, आणि बी दाबून झोन परत भरून घ्या. झोन पॅडपर्यंत पोचतोय का हे झूम करून बघा, थर्मल रिलीफच्या बारीक काड्यांनी जोडला जात असेल तर पॅड कनेक्शन सॉलिड करा. इथे कोणी सोल्डरिंग करणार नाहीये, त्या काड्यांचा उपयोग काय?

काही जण काय करतात, स्कीमॅटिकमध्ये काही टाकत नाहीत आणि थेट बोर्डवर फूटप्रिंट आणून ठेवतात. करू नका. त्या पॅडना नेट येत नाही, आणि पुढच्या अपडेटला "सिंबल नसलेले फूटप्रिंट काढून टाका" हा टिक चालू असेल तर तो गुपचूप उडतो आणि तुमचे दोन ग्राउंड कुठेच जोडलेले नसलेला बोर्ड फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्यांकडे, जातो.

व्हर्जनचा थोडा घोळ आहे. कीकॅड ५ आणि ६ मध्ये फूटप्रिंटच्या कीवर्ड्समध्ये नेट टाय हे शब्द असले की डीआरसी त्याला माफ करायचा. ७ पासून, म्हणजे २०२३ पासून, फूटप्रिंट प्रॉपर्टीजमध्ये कुठले पॅड एकमेकांना जोडायला परवानगी आहे त्यांचे ग्रुप द्यावे लागतात. लायब्ररीतलं फूटप्रिंट वापरलंत तर हे सगळं आधीच भरलेलं असतं. पण जुन्या प्रोजेक्टमधून कोणीतरी स्वतः बनवलेला नेट टाय उचललात आणि नव्या व्हर्जनमध्ये डीआरसी "दोन नेट शॉर्ट" म्हणायला लागला तर नव्वद टक्के वेळा तो ग्रुप रिकामा असतो, भरा आणि मोकळे व्हा. एरर एक्सक्लूड करून पुढे जाऊ नका, ही सवय फार वाईट, उद्या त्याच दोन नेटमध्ये दुसरीकडे खराखुरा शॉर्ट झाला की यादीत एक एक्सक्लूड केलेली ओळ आहेच म्हणून नजर त्यावरून घसरते.

ईआरसीचे, म्हणजे स्कीमॅटिकच्या तपासणीचे, दोन त्रास हमखास येतात तेपण इथेच सांगतो. पहिला, एकाच वायरवर दोन ग्राउंडची सिंबल लागली तर कीकॅड वॉर्निंग देतो की दोन्ही नावं एकाच ठिकाणी आहेत आणि नेटलिस्टमध्ये यातलं अमुक एक वापरतोय. एरर नाही, वॉर्निंग. आपण वॉर्निंग वाचत नाही. तुमचे तीन नेट एक झाले ते असेच झाले. दुसरा, नेट टायचे पाय पॅसिव्ह प्रकारचे असतात, त्यामुळे जीएनडीवर पॉवर फ्लॅग (इथे पॉवर येते असं ईआरसीला सांगणारं सिंबल) लावला तरी तो नेट टायच्या पलीकडे लागू होत नाही, पीजीएनडीला स्वतःचा वेगळा पॉवर फ्लॅग लावा, नाहीतर "पॉवर इनपुट पिनला कोणी ड्राइव्ह करत नाही" हे येत राहणार. आणि हो, जुन्या व्हर्जनमध्ये जीएनडीचं सिंबल कॉपी करून नुसती व्हॅल्यू बदलली तर चित्रात पीजीएनडी दिसायचं पण नेट जीएनडीच राहायचं, कारण नाव पिनवरून यायचं. जुनी फाइल उघडली असेल तर नेटवर हायलाइट मारून खात्री करा.

आता मुद्द्याचं.

एटीमेगा३२८पीला एजीएनडी नावाची पिनच नाही. डीआयपी पॅकेजमध्ये पिन ८ आणि पिन २२, दोन्ही जीएनडी. एव्हीसीसी (अॅनालॉग भागाची सप्लाय पिन) वेगळी आहे, तिला १० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आणि १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावा असं डेटाशीट सांगते, तेवढं करा. पण ग्राउंडच्या बाजूने चिप स्वतःच तुम्हाला सांगतेय की अॅनालॉग आणि डिजिटल मला वेगळं नको. मग बोर्डवर एजीएनडी आणि डीजीएनडी अशी फट पाडून तुम्ही काय मिळवताय? एसटीएम३२ सारख्या चिपला व्हीएसएसए (अॅनालॉग ग्राउंड) पिन असते, पण तिथेही, उदाहरणार्थ एफ१०३ च्या डेटाशीटमध्ये, सगळ्या ग्राउंड पिनमध्ये ५० मिलिव्होल्टच्या वर फरक नको असं बजावलेलं आहे. स्वतंत्र एडीसी (अॅनालॉगचं डिजिटल करणारा कन्व्हर्टर) चिपवर एजीएनडी आणि डीजीएनडी अशा दोन पिन दिसतात तेव्हाही साधारण ०.३ व्होल्टची मर्यादा असते. चिप बनवणारे अॅनालॉग डिव्हायसेसवाले तर आपल्या अॅप्लिकेशन नोट्समधून वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की कन्व्हर्टरवरच्या त्या पिनांची नावं चिपच्या आतली वायर कुठे जाते ते सांगतात, बाहेर कुठल्या प्लेनला (तांब्याच्या सलग थराला) जोडायचं ते नाही, आणि दोन्ही पिना जवळात जवळ एकाच, शक्यतो अॅनालॉग प्लेनला जोडा. पिनचं नाव बघून प्लेनचे दोन तुकडे करायची पद्धत इथूनच पसरली असावी असा माझा अंदाज.

तर एजीएनडी आणि डीजीएनडी एकच करा, नाव जीएनडी. राहिला पीजीएनडी. तो मात्र तुमच्या बोर्डवर कामाचा आहे, आणि किती कामाचा हे आकड्यातच बघू.

एक औंस तांबं म्हणजे ३५ मायक्रॉन जाडी, त्याचा रेझिस्टन्स एका चौकोनाला साधारण अर्धा मिलिओहम. चौकोन कितीही मोठा असो, लांबी भागिले रुंदी एवढंच मोजायचं. म्हणजे १ मिमी रुंद आणि ५० मिमी लांब ग्राउंडचा ट्रॅक म्हणजे ५० चौकोन, २५ मिलिओहम. आता बोर्डवर जो साखरेच्या क्यूबसारखा निळा रिले येतो त्याची १२ व्होल्टची कॉइल साधारण ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिॲम्प, चार रिलेचे १२०. पंखा समजा ३०० मिलिॲम्प. एकूण ४२०. हा करंट त्या २५ मिलिओहममधून गेला की साडेदहा मिलिव्होल्ट. आणि एलएम३५ किती देतो? एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट. म्हणजे सेन्सरचा ग्राउंड त्या ट्रॅकच्या एका टोकाला आणि कंट्रोलरचा दुसऱ्या टोकाला असला की पंखा आणि रिले चालू झाल्या झाल्या तापमान एक डिग्रीने चुकलं. अंडी ३७.५ ला ठेवायचीत, कोंबडीचे एकवीस दिवस, तिथे एक डिग्री म्हणजे थट्टा नाही.

याहून त्रासाचं म्हणजे ही चूक स्थिर नसते. सेन्सरचा ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडपेक्षा वर उचलला गेला तर हीटरचा रिले लागला की रीडिंग वर जातं, प्रोग्रामला वाटतं तापलं, रिले बंद, करंट गेला, रीडिंग खाली, परत रिले चालू. रिले टकटक करत बसतो. एका रिलेच्या ३० मिलिॲम्पने ग्राउंड पाऊण मिलिव्होल्टच सरकतो हे खरं, आणि ५ व्होल्टच्या रेफरन्सवर कंट्रोलरच्या दहा बिट एडीसीचा एक काउंट जवळजवळ ४.९ मिलिव्होल्टचा असतो, तिथे ते कदाचित दिसणारही नाही. पण एलएम३५ साठी शहाणा माणूस आतला १.१ व्होल्टचा रेफरन्स वापरतो, मग एक काउंट साधारण १ मिलिव्होल्ट, आणि रीडिंग नेमकं सेटपॉइंटच्या काठावर असताना एक काउंटही पुरतो. लोक मग प्रोग्राममध्ये अॅव्हरेज घेतात, हिस्टेरिसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानातलं अंतर) वाढवतात, सेन्सर बदलतात. हिस्टेरिसिस असायलाच हवा, ते वेगळं, पण ग्राउंडची चूक तो झाकतो, दुरुस्त करत नाही.

म्हणून तुमच्या बोर्डवर दोनच नावं. पीजीएनडी म्हणजे यूएलएन२००३ ची पिन ८, पंख्याच्या मॉसफेटचा सोर्स, आणि १२ व्होल्ट कनेक्टरचं निगेटिव्ह. चारही कॉइलचा करंट पिन ८ मधूनच बाहेर पडतो हे लक्षात ठेवा, म्हणजे ही एक पिन आणि तो एक सोर्स एवढेच दोन दोषी आहेत, त्यांना कनेक्टरपर्यंत रुंद आणि आखूड रस्ता द्यायचा. जीएनडी म्हणजे बाकी सगळं, कंट्रोलर, ७८०५ ची मधली पिन, एलएम३५, डिस्प्ले, प्रोग्रामिंग हेडर.

आणि नेट टाय कुठे? १२ व्होल्टच्या इनपुटला जो मोठा कपॅसिटर आहे त्याच्या निगेटिव्ह पायाजवळ.

इथे एक बारकावा आहे जो बहुतेक ठिकाणी कोणी लिहीत नाही. सप्लायचं निगेटिव्ह नेट टायच्या कुठल्या बाजूला येतं ते महत्त्वाचं आहे. ते पीजीएनडीच्या बाजूला आलं तर मोठा करंट पिन ८ मधून निघून पीजीएनडीतूनच कनेक्टरला जातो, नेट टायमधून फक्त लॉजिकचे काही दहा मिलिॲम्प परत येतात. तेच निगेटिव्ह जीएनडीच्या बाजूला लावलंत, तर सगळे ४२० मिलिॲम्प नेट टाय ओलांडून जीएनडी प्लेनमध्ये घुसतात आणि मग कनेक्टरला जातात. दोन्ही वेळा स्कीमॅटिक बघणाऱ्याला वाटेल ग्राउंड वेगळे आहेत, एकाच ठिकाणी जोडलेत, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं, आणि दुसऱ्या बोर्डवर नेमकं तेच होतंय जे टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप. गावातलं पाणी ओढ्याला लावायचं असेल तर चर ओढ्याच्या बाजूला काढतात, शेतातून नाही, तसंच हे. नेट टाय हा पूल आहे, त्यावरून कोण जाणार हे सप्लायची जागा ठरवते.

पहिल्या पद्धतीने केलंत तर ०.५ मिमीचा नेट टायही पुरेल. मी तरी २ मिमीचा ठेवतो, जागा असतेच.

फटीवरून जाणारे सिग्नल बघा. कंट्रोलरपासून यूएलएनला चार ट्रॅक जाणार, पंख्याच्या मॉसफेटच्या गेटला एक. या प्रत्येकातून जाणारा करंट ग्राउंडमधून परत येतो, आणि तो कुठून येईल तर साधारण शंभर एक किलोहर्ट्झच्या खाली कमी रेझिस्टन्सच्या वाटेने, आणि जसजशी फ्रिक्वेन्सी वाढते तसा नेमका त्या ट्रॅकच्या खालून, कारण तिथे इंडक्टन्स सगळ्यात कमी. ट्रॅक फटीवरून उडी मारून गेला की खालून परत यायला वाटच नाही, मग तो करंट नेट टायपर्यंत लांब वळसा घालून येतो आणि तो वळसा म्हणजे मस्तपैकी अँटेना. रिलेचे सिग्नल सेकंदाला एकदा बदलणारे, त्यांना वळसा घालू दे, काही बिघडत नाही. पंख्याला पीडब्ल्यूएम (वेग बदलायला भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) देणार असाल तर मात्र त्याच्या एजेस जलद असतात, तो गेटचा ट्रॅक नेट टायच्या अगदी अंगावरून न्या. एसपीआय, यूएसबी, क्लॉक यातलं काहीही फटीवरून जाता कामा नये. हेन्री ऑटसारखे ईएमआयवाले (सर्किटमधल्या विद्युत गोंगाटाचे जाणकार) लोक याचसाठी सांगायचे की प्लेन अखंड ठेवा आणि पार्ट्सची जागा आणि ट्रॅकची शिस्त सांभाळा, फट पाडून तुम्ही जितकं वाचवता त्याहून जास्त घालवता. दोन एडीसी किंवा जास्त असले तर हे शंभर टक्के लागू, कारण "प्रत्येक एडीसीच्या खाली एक जोड" केलंत की एक जोड राहिलाच नाही, दोन जोडांमधून करंट फिरायला लागला.

यावरून आठवलं, हायरार्किकल शीट (एकात एक बसवलेली स्कीमॅटिकची पानं) वापरत असाल तर सावध. एका चॅनलची शीट केली, त्यात नेट टाय टाकला, आणि तीच शीट चार वेळा वापरली तर बोर्डवर चार नेट टाय आले. स्कीमॅटिक उघडल्यावर एकच दिसतो, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. नेट टाय नेहमी सगळ्यात वरच्या शीटवर, पॉवर सप्लायशेजारी.

खरं सांगायचं तर तुमचा बोर्ड मी केला असता तर कदाचित पीजीएनडीही वेगळा ठेवला नसता. टू लेअर बोर्ड, खालचा लेअर अखंड जीएनडी, १२ व्होल्ट कनेक्टर एका कोपऱ्यात, त्याला लागून यूएलएन, रिले आणि पंखा, आणि एलएम३५ चं कनेक्टर कंट्रोलरच्या शेजारी विरुद्ध कोपऱ्यात. मोठा करंट त्या कोपऱ्यातल्या कोपऱ्यात फिरून परत गेला, सेन्सरच्या वाटेला आलाच नाही. अखंड प्लेनमध्ये ५० मिमी अंतरात पन्नास चौकोन नसतात, दोन-तीनच असतात, त्यामुळे तिथे चुकून थोडा करंट आला तरी अर्धा मिलिव्होल्टच्या आसपास. जागेची अडचण असेल, सिंगल साइड बोर्ड असेल (आपल्याकडे स्वस्तातले कंट्रोलर अजून बरेच सिंगल साइडच निघतात), तर मग दोन नावं आणि नेट टाय हवाच, कारण तिथे प्लेन नसतोच, सगळा ग्राउंड ट्रॅकांचा.

आणि एलएम३५ बोर्डवर नसून वायरने लांब असेल तर त्याच्या ग्राउंडची वायर थेट कंट्रोलरच्या जीएनडी पिनजवळ उतरवा, त्याच वायरवरून दुसऱ्या कशाचाही करंट नको. पंखा आणि सेन्सर यांना एकाच चार वायरच्या केबलमधून कॉमन ग्राउंड देणारे महाभाग बघितलेत, तिथे बोर्डवर सोन्याचा नेट टाय केला तरी उपयोग शून्य.

नेट टायऐवजी शून्य ओहमचा रेझिस्टर चालेल का, हे पुढे विचारणारच तुम्ही. चालतो. फायदा असा की तो न लावता बोर्ड तपासता येतो. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक जीएनडी, एक पीजीएनडी, रेझिस्टर लावलेला नसताना बीप आला तर कुठेतरी दुसरा जोड आहे, मग शोधा, बहुतेक वेळा माउंटिंग होल सापडतो किंवा हीटसिंकचा टॅब किंवा एखादं कनेक्टर ज्याचं कवच तिसऱ्याच ग्राउंडला आहे. हीच तपासणी नेट टायवर करता येत नाही, तो कायमचा जोडलेला. तोटा म्हणजे एक पार्ट वाढला, एक ओळ बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) वाढली, आणि शून्य ओहम खरा शून्य नसतो, साधारण ५० मिलिओहमपर्यंत धरून चला, ०६०३ ला १ ॲम्प आणि ०८०५ ला २ ॲम्पच्या आसपास मर्यादा. मधला मार्ग म्हणजे आधीच जोडलेला सोल्डर जंपर, कीकॅडच्या जंपर लायब्ररीत ब्रिज्ड नावाने आहे, तोही आतून नेट टायच आहे, पण हवा तर ब्लेडने कापता येतो आणि परत सोल्डरचा थेंब टाकून जोडता येतो. पहिल्या प्रोटोटाइपला मी हाच सुचवेन. त्याच्यावर सोल्डर मास्क उघडा असतो, नेट टायवर मास्क झाकलेला असतो, तेवढा फरक.

फेराइट बीड (जास्त फ्रिक्वेन्सी अडवणारा पार्ट) मात्र ग्राउंडमध्ये टाकू नका. सप्लायच्या लाइनवर बीड ठीक, ग्राउंडमध्ये टाकलात की जास्त फ्रिक्वेन्सीला दोन ग्राउंड एकमेकांपासून सुटतात, एक दुसऱ्याच्या मानाने नाचायला लागतो, आणि वर सांगितलेली ती ५० मिलिव्होल्ट किंवा ०.३ व्होल्टची मर्यादा डीसीला पाळली जाते पण एजेसच्या वेळी नाही. मल्टीमीटरवर सगळं छान दिसतं म्हणून हे सापडायला फार वेळ लागतो.

दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी पटकन. अल्टियममध्ये पार्टचा टाइप नेट टाय ठेवायचा, बीओएममध्ये हवा आणि नको असे दोन प्रकार आहेत, आणि फूटप्रिंटमध्ये दोन पॅडच्या मधे तांबं काढायचं. डीआरसीच्या ऑप्शन्समध्ये व्हेरिफाय शॉर्टिंग कॉपर चालू ठेवा म्हणजे ते तांबं खरंच आहे का हे तो तपासतो. अलेग्रोमध्ये नेट शॉर्ट नावाची प्रॉपर्टी आहे, ती ज्या पिन, व्हाया किंवा शेपवर जोड करायचा त्याला लावायची. ईगलमध्ये असं काही सरळ नाही, दोन एसएमडी पॅड एकमेकांवर चढवलेला पार्ट बनवायचा आणि ओव्हरलॅपचा एरर अप्रूव्ह करायचा, जुनी जुगाडू पद्धत, चालते.

बक कन्व्हर्टरवर (व्होल्टेज कमी करणाऱ्या स्विचिंग सप्लायच्या चिपवर) पीजीएनडी आणि एजीएनडी अशा दोन पिना दिसतील तेव्हा उत्तर ठरलेलं, दोन्ही चिपच्या खालच्या थर्मल पॅडला तिथल्या तिथे जोडा, फीडबॅकच्या रेझिस्टरचा ग्राउंड एजीएनडी पिनला न्या, इनपुट कपॅसिटरचा पीजीएनडी पिनला. तुम्ही उद्या ७८०५ काढून बक लावलात तर हे लागेल, १२ वरून ५ करताना ७८०५ चांगलाच तापतो आणि एलएम३५ त्याच्या शेजारी असेल तर तो त्याचंही तापमान मोजेल, ग्राउंड कितीही चांगला केला तरी.

आता शेवटचं, आणि हे गंमतीचं नाही. तुमच्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर २३० व्होल्टचा हीटर आहे. बोर्डभर जीएनडीचा झोन ओतताना तो रिलेच्या कॉन्टॅक्टच्या बाजूला, पिनांच्या मधून, कुठेही जाऊ देऊ नका. कीकॅडमध्ये रूल एरिया काढा, त्यात झोन, ट्रॅक, व्हाया तिन्ही बंद, दोन्ही लेअरवर. मेन्सचं तांबं आणि लो व्होल्टेजचं तांबं यात ६ मिमीच्या खाली जाऊ नका, जागा असेल तर ८ ठेवा, आणि रिलेच्या कॉमन पिनभोवती स्लॉट कापून घेता आला तर उत्तम, उबवणी यंत्रात ओलावा भरपूर असतो आणि पिसांची धूळ बसते. बोर्डवर एसी-डीसी सप्लाय करणार असाल तर त्याच्या प्रायमरी बाजूचाही एक "ग्राउंड" असतो, तो या गोष्टीतला ग्राउंडच नाही, त्याला नेट टाय, शून्य ओहम, जंपर काहीही लावायचं नाही, फारतर मधे वाय क्लासचा कपॅसिटर, आणि तोही डिझाइनमध्ये दिलेलाच. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची क्लिप अर्थला जोडलेली असते, ती त्या प्रायमरी ग्राउंडला लावलीत तर पुढचं सांगायला नको. कीकॅडला त्या दोन नेटमधला फरक कळत नाही, त्याला दोन्ही नुसती नावं, म्हणून त्या नेटला नावच एचव्ही ने सुरू होणारं द्या आणि वेगळ्या नेट क्लासमध्ये टाकून क्लिअरन्स तिथेच भरा, मग डीआरसी तुमच्या बाजूने भांडेल.

बोर्ड फॅबला पाठवल्यावर दोन दिवसांनी मेल येऊ शकतो, "जीएनडी आणि पीजीएनडी शॉर्ट दिसतायत, कन्फर्म करा". तुम्ही गर्बरसोबत (बोर्डच्या लेअरच्या फाइलींसोबत) आयपीसी ३५६ फॉरमॅटची नेटलिस्ट दिली असेल तर त्यांचं सॉफ्टवेअर तांबं आणि नेटलिस्ट ताडून बघतं आणि नेट टाय त्याला शॉर्टच दिसतो. घाबरून बोर्ड होल्ड करू नका. फॅब नोटमध्ये आधीच एक ओळ टाकून ठेवा की अमुक डेझिग्नेटरपाशी (पार्टच्या क्रमांकापाशी) हे दोन नेट मुद्दाम जोडलेले आहेत, आणि मेल आलाच तर तीच ओळ चिकटवा. पण त्या मेलमध्ये त्यांनी दिलेली जागा तुमच्या नेट टायचीच आहे का, हे मात्र लेआउट उघडून ताडून बघा आणि मगच हो म्हणा.